वरच्या कोपऱ्यातली दोरी

"ताई, त्या वरच्या कोपऱ्यातल्या ताईंच्या दोरीवर एकबी डाग न्हाई बगा. जरा जाऊन या की एकदा."

गुणामावशी हे म्हणाल्या तेव्हा त्या आमच्या न्हाणीघरात पाटावर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांच्या पायांवर माझा साडेचार महिन्यांचा शर्व पालथा पडून हुंकार देत होता आणि मी शेजारी टॉवेल पसरून उभी होते. मावशी सांगलीच्या आमच्या भागातल्या निम्म्या बाळांना न्हाऊ घालायच्या.

"मग काय झालं?" मी म्हटलं. "असतात काही जणी नीटनेटक्या."

"नीटनेटकं येगळं ताई. ह्ये येगळं हाय."

"आता तुम्हीही सुरू करा. तिची आरती ओवाळायला घरात एक जण आहेच की."

मावशींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "मी काय म्हंते," एवढं बोलून त्या थांबल्या आणि शर्वच्या कानामागचा साबण बोटानं काढायला लागल्या. पुढचं मीही विचारलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी त्या वरच्या गौतमीनं त्यांना "उद्यापासून येऊ नका" असं सांगून टाकलं होतं. त्याचाच राग असणार, असं मी ठरवून टाकलं.

त्या दिवशी जानेवारीची दोन तारीख होती. वर जायला मला पुढे एकोणीस दिवस लागले. मधे फक्त एक जिना होता.

आमची इमारत काटकोनात वळलेली. एका हाताला दुसऱ्या मजल्यावर आम्ही आणि दुसऱ्या हाताला तिसऱ्या मजल्यावर, अगदी कोपऱ्यात, गौतमी. मागच्या गॅलरीत उभं राहून मान जरा वर केली की तिची कपड्यांची दोरी समोरच यायची. तिची रेवा माझ्या शर्वपेक्षा अठरा दिवसांनी लहान. गौतमीला आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथेच झालं. सासूबाई चाळीस दिवस राहून गावी परतल्या. नवरा, मंदार, औषधांच्या कंपनीत फिरतीवर होता, तो शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. म्हणजे सगळा आठवडा ती एकटी.

आणि त्या एकट्या बाईच्या दोरीवर रोज सकाळी सातच्या आत शुभ्र लंगोटांची रांग लागलेली असायची. सगळे एका मापाचे, नाड्या एका बाजूला, दोन लंगोटांमधे बरोबर एक चिमटा. निळे चिमटे. आमच्या दोरीवर लाल, हिरवे, एक तुटका, आणि उरलेल्या जागी लंगोटाच्याच नाडीची गाठ.

आमच्या लंगोटांचा रंग सांगायची गरज नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी कापडाला लागली की हळदीसारखी बसते. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली, कॉलेजात मुलांना शिकवणारी बाई. लिंबू चोळलं, सोडा लावला, ओल्या लंगोटांना तासन् तास ऊन दाखवलं. डाग फिका व्हायचा, जायचा नाही. त्यात हे लंगोट सासूबाईंनी स्वतःच्या जुन्या सुती साड्यांचे आणि मामंजींच्या धोतराचे शिवलेले. म्हणजे डाग पडला की माझ्याकडून त्यांच्या साडीवर पडला, असं मला वाटायचं.

सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या मिरजेहून खास शर्वसाठी येऊन राहिल्या होत्या. फेब्रुवारीत माझी रजा संपणार होती आणि नंतर शर्व त्यांच्याकडेच राहणार होता. तेव्हा त्यांची मर्जी राखणं भाग होतं. डायपरला त्या 'पुडकं' म्हणायच्या. "पोराला पुडक्यात बांधून ठेवायचं आणि आपण मोकळं व्हायचं!" बरीच घासाघीस होऊन आमचा तह झाला होता. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत लंगोट, नंतर डायपर.

"दिवस माझा, रात्र तुझी," आई म्हणाल्या होत्या. "सरकार पडेपर्यंत चालवू."

पण त्या तहात मी रोज चोरी करत होते. दुपारी आई झोपल्या की मी शर्वला हळूच डायपर घालायची, म्हणजे मलाही दोन तास पाठ टेकता यायची. चारला त्या उठायच्या आत डायपर काढून कागदात गुंडाळायची आणि माझ्या कॉलेजच्या पर्समधे लपवायची. मग कपाटातले दोन-तीन धुतलेले लंगोट नळाखाली भिजवून दोरीवर टाकायची. आई चहाचा कप घेऊन गॅलरीत यायच्या, ठिबकणारे लंगोट बघायच्या आणि खूश व्हायच्या. ही माझी युक्ती नीट लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते तिच्यामुळेच मला उलटं दिसलं.

चहाचा कप घेऊन आई माझी दोरी बघायच्या आणि मग मान वर करून गौतमीची.

"काय गं बाई ही मुलगी! एकटी आहे, बिनआईची आहे, पण लंगोट बघ. बगळ्यांची माळ नुसती."

"तिचे नवे कोरे मलमलचे आहेत, आई."

"नव्यावर डाग पडत नाहीत वाटतं?"

मी शर्वला खांद्यावर थोपटत आत निघून जायची आणि आत गेल्यावर खिडकीच्या पडद्याआडून पुन्हा बघायची. मी तिचे लंगोट मोजायला लागले होते. डिसेंबरात अकरा असायचे. नाताळच्या सुमाराला चौदा. संक्रांतीच्या आधी बावीस झाले, आणि सकाळचे वाळून काढल्यावर दुपारी पुन्हा बावीस ओले. शर्वच्या दुधाच्या वेळा लिहायची एक वही होती, तिच्या मागच्या पानांवर मी हे आकडे आणि तिचं जे दिसेल ते तारखांसकट लिहीत होते. का, ते मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"दिवसाला चाळीस-चाळीस लंगोट बदलते," आई कौतुकानं म्हणाल्या. "ती पोर मिनिटभर ओल्यात राहत नसेल."

तिचं कापडही दिवसेंदिवस तलम दिसत होतं. उन्हात लंगोटाच्या आरपार पलीकडची भिंत दिसायची. एवढी उंची मलमल मिळते तरी कुठे, म्हणून मी जळायची.

एकदा वाऱ्यानं तिचा एक निळा चिमटा उडून आमच्या गॅलरीत पडला. नेऊन द्यायला काय हरकत होती? मी तो खिडकीच्या चौकटीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला. येता-जाता दिसायचा. उद्या देऊ, असं रोज वाटायचं आणि रोज वाटायचं, तिला काय चिमट्यांची कमी आहे!

मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी गौतमी मला फाटकापाशी भाजीच्या गाडीवर भेटली. अंगाला कसल्यातरी जंतुनाशकाचा उग्र वास येत होता. दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले. थंडी होती, मी काही वावगं मानलं नाही.

"रेवा?" मी विचारलं.

"झोपलीये." मग एकदम, माझ्याकडे न बघता, "तुम्ही लंगोट किती वेळा धुता?"

मला वाटलं, झालं, आता ही माझी परीक्षा घेणार. "एकदाच. तुम्ही?"

"मी निघेपर्यंत धुते."

"निघतात की छान. आमच्या आई तर तुमच्या दोरीवरून डोळे काढत नाहीत. साबण कुठला वापरता?"

"साबणाचं नाही हो काही," ती म्हणाली. "धुवत राहायचं."

आणि भाजी न घेताच ती वर निघून गेली. हा तोरा! मी घरी येऊन पालेभाजी निवडता निवडता सगळं नवऱ्याला ऐकवलं. प्रसन्न म्हणाला, "तिनं फक्त किती वेळा धुता एवढंच विचारलं ना गं?" पुरुषांना बायकांच्या बोलण्यातलं कळत नाही, असं म्हणून मी तो विषय बंद केला.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दिवे लागून गेले तरी तिची दोरी भरलेली होती. आमच्याकडे बाळाचे कपडे दिवेलागणीनंतर बाहेर राहू देत नाहीत. आईंनी तर माझा एक लंगोट विसरला म्हणून मला चांगलं अर्धा तास झापलं होतं. मी मुद्दाम त्यांना गॅलरीत बोलावून दाखवलं.

"राहिले असतील बिचारीचे," आई म्हणाल्या. "कामात असेल."

"माझा एक राहिला तेव्हा?"

"तुझ्या मदतीला मी आहे. तिला कोण आहे?"

एवढं स्पष्ट बोलल्या त्या. पण माझ्या कानांनी त्यातलं फक्त 'तू' आणि 'ती' एवढंच उचललं.

मग अठरा तारखेचा रविवार आला. सकाळी मी पर्समधली कागदाची गुंडाळी टाकायला खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी गेले, तर मंदार भलीमोठी पिशवी घेऊन आलेला. पिशवी फुगलेली, आणि वरून दिसत होतं ते ओळखायला मला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. डायपरचं रिकामं पाकीट होतं.

"तुमच्याकडे पण हाच उद्योग का?" तो माझ्या हातातल्या गुंडाळीकडे बघून हसला. "आमची रेवा दिवसरात्र डायपरमधेच असते. गौतमी म्हणते, तेच बरं."

"दिवसरात्र?" मी म्हटलं. "आणि मग ते लंगोट?"

"लंगोट? ते ती धुते."

"धुते म्हणजे?"

त्यानं खांदे उडवले. "आहेत ना घरात, म्हणून धुते. आवड आहे तिला स्वच्छतेची."

जिना चढताना माझे पाय जमिनीवर नव्हते. सगळं उलगडलं होतं! एकही डाग नाही, कारण ते लंगोट बाळाच्या अंगाला कधी लागलेच नव्हते. ही बाई कोरे लंगोट भिजवून दोरीवर टाकत होती. थेट माझीच युक्ती! फरक एवढाच की मी दोन टाकायची आणि ही बावीस, सगळ्या इमारतीला दाखवायला. गुणामावशींनाही हेच सांगायचं होतं, असं मला आता वाटलं. चोराची वाट चोराला कळते तशी मला ती कळली आणि इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी शर्वला उचलून घरभर नाचले.

"काय झालं गं?" आई विचारत होत्या.

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, तुझं आपलं काहीतरीच. त्यांना दाखवायचं होतं, समोर उभं करून.

संधीही चालून आली. येत्या रविवारी शर्वचं बोरन्हाण ठरलं होतं. हलव्याचे दागिने आले होते, बोरं, चुरमुरे, उसाचे करवे यांची यादी झाली होती. बुधवारी सकाळी आई म्हणाल्या, "गौतमीला पण बोलवायचं. रेवाचंही आपल्यातच करून टाकू, तिचं करायला कोण आहे?"

"आई, तुम्हीच चला ना बोलवायला," मी म्हटलं. "तुमचा मान मोठा. शिवाय लंगोट कसे धुते ते तिलाच विचारा."

मी शर्वला प्रसन्नकडे दिलं, त्याची त्या दिवशी दुपारची पाळी होती. हातात हळदीकुंकवाचा करंडा घेतला. आणि जायला आणखी एक कारण असावं म्हणून तो निळा चिमटाही घेतला.

साडेअकरा वाजले असतील. बेल दोनदा दाबली. आत पाण्याचा आवाज येत होता, तो थांबला नाही. तिसऱ्यांदा दाबल्यावर दार उघडलं. गौतमीचा गाऊन कमरेपर्यंत भिजला होता आणि कोपरांपासून पाणी निथळत होतं. आम्हाला बघून तिनं हात पाठीमागे नेले.

"बोरन्हाणाचं सांगायला आलोय गं," आई म्हणाल्या. "आत येऊ का?"

ती बाजूला झाली. खोली लख्ख होती, फरशीवर पाय ठेवायला भीती वाटावी इतकी. तो फाटकापाशी आलेला वास इथे डोळ्यांना झोंबत होता. आणि आतून बाळाचा आवाज येत होता. ते रडणं नव्हतं. रडून रडून घसा बसल्यावर जे उरतं, ते होतं.

मी तो आवाज ऐकला. तरी मी आधी ज्यासाठी आले होते तेच केलं. सरळ आतल्या खोलीत गेले. पाळण्यात रेवा होती, आणि तिच्या कमरेला डायपर होतं, फुगून मांड्यांपर्यंत ओघळलेलं.

"बघा आई," मी मोठ्यानं म्हटलं. "डायपर आहे!"

हे वाक्य मी बोलले. इतक्या वर्षांत पुष्कळ गोष्टी विसरले, हे विसरता येत नाही. माझ्या आवाजात जो आनंद होता तो तर मुळीच नाही.

आई माझ्या मागे आल्या नव्हत्या. त्या न्हाणीघराच्या दाराशी थांबल्या होत्या. आत तीन बादल्या होत्या, तिन्हींत पांढरे लंगोट बुडालेले. नळ चालू होता. आईंनी तो बंद केला.

"हात बघू," त्या गौतमीला म्हणाल्या.

"नको, ओले आहेत."

"बघू म्हटलं ना."

त्यांनी तिचे हात स्वतःच पुढे ओढून घेतले. बोटं पाण्यात फुगून पांढरी पडली होती. प्रत्येक सांध्यावर चिरा गेल्या होत्या आणि चिरांमधे रक्ताच्या बारीक रेघा. तळव्यांची कातडी जागोजागी सोललेली. आईंनी ते उलटसुलट करून बघितले. मग अगदी हळू आवाजात, शर्वला झोपवताना वापरतात त्या आवाजात, त्यांनी विचारलं, "हे लंगोट पोरीला कधी घातलेस गं?"

"घातले नाहीत अजून."

"का?"

गौतमीनं आईंकडे असं बघितलं, जणू उत्तर समोर दिसत असताना ही बाई का विचारतेय.

"अजून स्वच्छ कुठे झालेत?"

आत रेवाचा आवाज पुन्हा आला. गौतमीनं तिकडे बघितलं, एक पाऊल उचललं आणि थांबली. "तिला सकाळपासून बदलायचंय," ती म्हणाली. "मला कळतंय. हात स्वच्छ झाले की लगेच बदलते. मगाशी होत आले होते, मग नळाला लागले." तिनं हात पुन्हा मागे नेले. "मला तिला काही लागू द्यायचं नाहीये हो. माझ्यामुळे तिला काही झालं तर?"

माझ्या एका हातात करंडा होता, दुसऱ्या हातात चिमटा. कुठे ठेवायचे ते मला कळेना.

आई न्हाणीघराच्या दारातच, ओल्या फरशीवर, खाली बसल्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या कधी जमिनीवर बसत नाहीत त्या. गौतमीलाही त्यांनी हाताला धरून खाली बसवलं आणि तिचे ते हात स्वतःच्या पदरात घेतले.

"समिधा," त्या मला म्हणाल्या, "घरी जा. आपले लंगोट घेऊन ये. पिवळे झालेले आण, चांगले निवडू नकोस."

मी पळत गेले. प्रसन्न विचारत होता काय झालं, मी थांबले नाही. कपाटातून हाताला येतील ते लंगोट उचलले, खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि वर आले.

रेवाला मी बदललं. डायपर काढलं तेव्हा तिची कातडी लालभडक होती, मांडीच्या घडीत फोड आले होते. कोमट पाण्यानं पुसलं, टिपून कोरडं केलं, तेलाचं बोट फिरवलं, आणि आईंच्या गुलबक्षी साडीचा, मधोमध मोठा पिवळा डाग असलेला शर्वचा लंगोट तिला बांधला. मग तिला घेऊन मी त्या दोघींसमोर खाली बसले.

गौतमी त्या डागाकडे बघत होती.

"हे निघत नाही?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "लिंबू लावलं, सोडा लावला. नाही निघत."

"मग तसाच घालता?"

"तसाच."

"आणि काही होत नाही?"

"काहीही होत नाही, गौतमी. शर्व बघतेस ना केवढा झालाय? असल्याच लंगोटांत झालाय." आणि मग, आईंच्या देखत, मी म्हटलं, "आणि दुपारी डायपरमधे. मी रोज दुपारी चोरून घालते आणि धुतलेलेच लंगोट भिजवून वाळत टाकते."

आईंनी माझ्याकडे बघितलं. "मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "धुतलेलं कापड नुसतं भिजवलं की वेगळं दिसतं. तू झोपतेस तेवढी बरी, म्हणून बोलले नाही."

गौतमीनं एक बोट पुढे केलं. त्या डागाच्या कडेला ते तिनं टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. रेवानं ते बोट पकडलं. गौतमी रडायला लागली, आणि त्यानंतर बराच वेळ तिला आईंनी नुसतं रडू दिलं.

आमचा फोन गेल्यावर मंदार त्याच संध्याकाळी कोल्हापूरहून आला. दुसऱ्या दिवशी ती दोघं, आई आणि मी असे चौघं डॉक्टरांकडे गेलो, मनाच्या आजारांचे डॉक्टर. बाळंतपणानंतर असं होऊ शकतं, औषधांनी बरं होतं, बाईचा यात काही दोष नसतो, असं त्यांनी गौतमीला तीन-तीनदा सांगितलं. मग विचारलं, "हे कधीपासून सुरू झालं?"

मंदारनं गौतमीकडे बघितलं. ती मान हलवत होती, तिला आठवत नव्हतं. "शनिवार-रविवार बरी असायची," मंदार म्हणाला. "म्हणजे, मला तसं वाटायचं."

मला माहीत होतं. पर्समधे शर्वची वही होती. मागची पानं उघडून मी वाचलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अकरा. दहा तारखेला गुणामावशींना बंद केलं. नाताळला चौदा. जानेवारीच्या दहा तारखेपासून बावीस, दिवसातून दोनदा. कापड विरायला लागलं तेही, फाटकापाशी हात झाकले होते तेही, दिवेलागणीनंतर दोरी भरलेली राहिली ती तारीखही.

डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. पेन खाली ठेवून ते म्हणाले, "इतकं बारीक लक्ष घरच्यांचंसुद्धा नसतं. तुम्ही जवळच्या मैत्रीण का?"

"नाही," मी म्हटलं. "समोर राहते."

गौतमीला पूर्ण बरं व्हायला आठ महिने लागले. त्यातले पहिले तीन रेवा दिवसभर आमच्याकडे असायची, आईंच्या एका बाजूला शर्व आणि एका बाजूला ती. गौतमी दर दोन तासांनी खाली यायची, आधी नुसती बघायला, मग घ्यायला, मग बदलायला. लंगोट की डायपर हा प्रश्न आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. जे हाताला लागेल ते. गुणामावशी परत आल्या. पहिल्या दिवशी रेवाला पायांवर घेताना त्या मला म्हणाल्या, "तवाच सांगत हुते." एवढंच.

रेवा आता आठ वर्षांची आहे. ते लोक नाशिकला असतात. मागच्या वर्षी गौतमीला दुसरं बाळ झालं, आणि तिसऱ्या आठवड्यात तिनं मला फोनवर एक फोटो पाठवला. दोरीवर सात लंगोट, सातही पिवळे. खाली लिहिलं होतं, 'काकूंना दाखव.' मी आईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "आता कसं, बाळाचे वाटतात."

तो निळा चिमटा मात्र माझ्याकडेच राहिला. त्या दिवशी तो मी कुठे ठेवला कोण जाणे, पण संध्याकाळी माझ्या कुडत्याच्या खिशात सापडला, आणि नंतर परत द्यावासा वाटला नाही.

तुमच्याही समोर एखादी असेल. तिचं बाळ कधी रडत नाही, तिचं घर कधी पसरलेलं नसतं, तिच्या दोरीवर कधी डाग दिसत नाही. तिचं नाव निघालं की तुम्ही विषय बदलता, आणि तरी तुमची नजर दिवसातून दहा वेळा तिकडेच जाते. तुम्ही जे बघता ते तिच्या घरातलंही कुणी बघत नसेल. तेव्हा आज, हे वाचून झालं की, तिच्याकडे जाऊन या. बेल तीनदा दाबावी लागली तरी दाबा. कारण सुचत नसेल तर कपड्यांचा एक चिमटा घेऊन जा आणि विचारा, आमच्याकडे पडला होता, तुमचा आहे का?

तिचा नसला तरी चालेल. तिचे हात बघून या.